व्हिसापुरता विमा

एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीय नागरिकांसाठी शेंगेन व्हिसाचे नियम सैल केले. मागील तीन वर्षांत मिळालेले दोन व्हिसा ज्याने नियमाप्रमाणे वापरले आहेत, त्याला आता दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर, पारपत्राची मुदत पुरेशी असेल तर, साधारणपणे पाच वर्षांचा. स्टुटगार्ट, झिंडेलफिंगेन, ब्योब्लिंगेन, लुडविग्सबुर्ग या पट्ट्यातील मराठी घरांना या निर्णयाचा आनंद होणे स्वाभाविक होते. नाशिकचे वा पिंपरी-चिंचवडचे आईवडील दर उन्हाळ्यात लेकीकडे किंवा मुलाकडे येतात, आणि दर वेळी बँकेची विवरणे, आयकराची कागदपत्रे, मुलाखतीची तारीख आणि मुंबईची खेप हा सोहळा नव्याने पार पडतो. तो आता काही वर्षांतून एकदा पार पडेल.

या सवलतीची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चेत आली नाही. युरोपीय व्हिसा संहितेच्या पंधराव्या कलमानुसार बहुप्रवेश व्हिसा मागणाऱ्याने वैद्यकीय प्रवास विम्याचा पुरावा द्यायचा असतो, तो केवळ पहिल्या नियोजित भेटीपुरता. पुढच्या भेटींच्या वेळीही विमा असला पाहिजे याची आपल्याला जाणीव आहे, एवढ्या विधानाखाली अर्जदार सही करतो. त्या सहीनंतर त्याला कोणी विचारत नाही. सीमेवरचा अधिकारी विचारू शकतो, परंतु विचारेलच असे नाही. म्हणजे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भेटीला विमा काढायचा की नाही, हा निर्णय दूतावासाच्या हातून निसटून घराच्या हाती आला आहे. 'परदेश प्रवासासाठी विमा काढण्यात अर्थ आहे का' हा प्रश्न आतापर्यंत आपल्या लोकांपुढे खऱ्या अर्थाने उभाच राहिला नव्हता. विमा हा व्हिसाच्या फायलीतला एक कागद होता आणि सर्वांत स्वस्त कागद कोणता, एवढाच विचार होत असे.

तो कागद कोणासाठी लिहिला गेला, हे समजून घेणे येथे उपयोगाचे ठरेल. शेंगेन देशांनी ही अट डिसेंबर २००३ च्या निर्णयाने आणली आणि ती जून २००४ पासून लागू झाली. किमान संरक्षण ३०,००० युरोंचे. तातडीचे वैद्यकीय उपचार, आणीबाणीचे रुग्णालयीन उपचार, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत नेणे आणि मृत्यू, या प्रसंगांचा खर्च त्यात धरलेला असावा, एवढीच अपेक्षा. अट घालण्यामागचा हेतू प्रवाशाच्या हितापेक्षा यजमान देशाच्या तिजोरीच्या संरक्षणाचा अधिक होता. त्यानंतर दोन दशके उलटली, जर्मनीतील ग्राहक किमती तेव्हाच्या सुमारे दीडपट झाल्या, व्हिसाचे शुल्क जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झाले. ३०,००० चा आकडा मात्र जागचा हलला नाही.

आज स्टुटगार्टच्या रुग्णालयात एवढ्या रकमेत काय होते? जर्मन रुग्णालये खाटेच्या दिवसांवर नव्हे, तर आजाराच्या प्रकारावर बिल आकारतात. प्रत्येक प्रकाराला एक भारांक असतो आणि राज्याच्या मूळ दराने त्याला गुणले जाते. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये हा मूळ दर अलीकडे चार हजार युरोंच्या वर आहे. परिचारिकांच्या सेवेचा खर्च २०२० पासून दिवसागणिक वेगळा लागतो. हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसवावा लागला आणि चार दिवसांत रुग्ण घरी आला, तर ३०,००० युरो सहज पुरतात. बायपास झाली तर बिल पंधरा-वीस हजारांच्या पुढे सरकते, पण तरीही बहुधा मर्यादेत राहते. मेंदूतील रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कित्येक आठवडे व्हेंटिलेटर अशी प्रकरणे मात्र भारांकाने दहाच्या पुढे जातात, आणि मग तीस हजारांचा आकडा रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच ओलांडला जातो. त्यानंतर स्ट्रेचरवरून, सोबत डॉक्टर देऊन, विमानाने पुण्याला नेण्याचा खर्च उरतोच.

याच्या उलट टोकाला किरकोळ दुखणी आहेत. ताप, पोटदुखी, पाय मुरगळणे यांसाठी घराजवळच्या डॉक्टरकडे स्वतः पैसे भरून गेले, तर सरकारी शुल्कपत्रकाप्रमाणे बिल बहुधा काही दशक युरोंचे होते. भारतीय प्रवास पॉलिसींत पन्नास किंवा शंभर डॉलरची वजावट सर्रास असते, त्यामुळे असे क्लेम करण्यात वेळेखेरीज काही जात नाही आणि काही मिळतही नाही. रात्री-अपरात्री दुखणे तातडीचे, परंतु जिवावरचे नसेल, तर ११६११७ या क्रमांकावर फोन करावा आणि ११२ खऱ्या आणीबाणीसाठी ठेवावा. रुग्णवाहिकेचे बिलही शेकडो युरोंचे असते, आणि डॉक्टरसह आलेली गाडी त्याहून महाग पडते. हा विमा घ्यायचा असतो तो रुग्णालयाच्या खाटेसाठी. त्याचे मूल्यमापनही त्याच एका कसोटीवर व्हायला हवे.

आता बिल कोणाच्या नावे येते ते पाहू. आणीबाणीतील रुग्णाला जर्मन रुग्णालय परत पाठवत नाही, कायदाही तशी मुभा देत नाही. मात्र उपचारांचा करार रुग्णाशी होतो आणि बिल रुग्णालाच जाते. पालकांच्या व्हिसासाठी ज्यांनी 'फरफ्लिष्टुंग्सएअरक्लेअरुंग' म्हणजे यजमानाचे हमीपत्र दिले आहे, त्यांची जबाबदारी आणखी वेगळी. निवास कायद्याच्या अडुसष्टाव्या कलमानुसार पाहुण्याच्या निर्वाहासाठी, आजारपणातील उपचारांसाठी आणि शुश्रूषेसाठी सार्वजनिक निधीतून झालेला सर्व खर्च हमीदाराने भरून द्यायचा असतो. विमा होता की नव्हता, याने त्यात फरक पडत नाही. एकोणतीस युरो भरून मिळणारा हा हिरवट कागद अनेक जण निमंत्रणपत्राच्या भावनेने सही करून टाकतात. कायद्यातील शब्द 'सार्वजनिक निधी' असे असल्याने रुग्णालय थेट हमीपत्राच्या जोरावर मुलाकडे येऊ शकेल का, हा वकिलांचा विषय आहे. परंतु वडिलांना आत नेत असताना प्रवेशखिडकीवर पुढे सरकवलेल्या अर्जात 'खर्चाची जबाबदारी घेणारा' या रकान्यात मुलगा स्वतःची सही करतो, तेव्हा तो प्रश्न तिथेच निकाली निघतो. त्या क्षणी कोणता मुलगा सही नाकारेल?

विमा काढावा का, याचे उत्तर एवढ्यानेच मिळते. पण कोणता, हा प्रश्न त्याहून कठीण आहे, आणि सगळी गुंतागुंत 'आधीपासूनचे आजार' या दोन शब्दांपाशी आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पासष्टीच्या जोडप्यात एकाला रक्तदाब आणि दुसऱ्याला मधुमेह असणे ही नवलाची गोष्ट नव्हे. रोज एक गोळी आणि वर्षाकाठी एक तपासणी, एवढ्याने ते ठणठणीत असतात आणि स्वतःला आजारी मानतही नाहीत. विमा कंपनी मात्र मानते. बहुतेक स्वस्त भारतीय प्रवास पॉलिसी आधीपासूनचे आजार वगळतात. थोड्या महाग पॉलिसी 'जीवघेण्या प्रसंगी' अशी अट घालून, आणि तीही मर्यादित रकमेपर्यंत, ते सामावून घेतात. रक्तदाबाच्या रुग्णाला झटका आला, तर तो रक्तदाबाचा परिणाम की स्वतंत्र घटना, हा वाद मग कागदावर लढला जातो. शिवाय कित्येक पॉलिसींत विशिष्ट वयानंतर खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शल्यचिकित्सकाचे शुल्क यांवर वेगवेगळ्या पोटमर्यादा असतात. मुखपृष्ठावर लाख डॉलर छापलेले असले, तरी अतिदक्षता विभागाच्या रोजच्या खर्चापैकी मिळणारी रक्कम आतल्या तक्त्यात ठरलेली असते.

या संदर्भात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा ६ डिसेंबर २०२१ चा निर्णय प्रत्येक परदेशस्थ मुलाने वाचावा असा आहे. २००९ साली अमेरिकेला निघालेल्या एका मधुमेही प्रवाशाने वैद्यकीय तपासणी करून घेऊन परदेश मेडिक्लेम पॉलिसी घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट बसवावे लागले. मधुमेह त्याने कळवलेला होता. कोलेस्टेरॉलसाठीची गोळी कळवली नव्हती, या मुद्द्यावर विमा कंपनीने क्लेम नाकारला, आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही त्याची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने ते निर्णय फिरवले. प्रकृतीची माहिती घेऊन, तपासणी करून पॉलिसी दिल्यावर त्याच प्रकृतीकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असा त्याचा आशय. ग्राहकाच्या बाजूचा हा एक भक्कम निर्णय आहे. मात्र तो बारा वर्षांनी आला.

त्यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहारी आहे. प्रस्ताव अर्ज एजंटाने भरायचा नसतो. आईची थायरॉइडची गोळी, वडिलांची दहा वर्षांपूर्वीची अँजिओग्राफी, सगळे लिहायचे, आणि लिहिल्याचा पुरावा जपून ठेवायचा. 'कशाला उगाच लिहायचे, हप्ता वाढेल' हा सल्ला देणारा मनुष्य क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही.

भारतातील आरोग्य विम्याबाबत २०२४ मध्ये नियामकाने ग्राहकाला दिलासा दिला. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांवर आणला गेला. साठ महिने सलग हप्ते भरल्यावर, फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येणार नाही, असे ठरले. अनेक घरांत समज असा, की आईबाबांची पंधरा वर्षांची जुनी मेडिक्लेम आहे, तेव्हा हे संरक्षण प्रवासालाही लागू असेल. तसे नाही. घरचा मेडिक्लेम दर वर्षी जुना होत जातो आणि जुना होण्यातच त्याचे बळ असते. प्रवास विमा दर वेळी नव्याने जन्माला येतो. गेल्या उन्हाळ्यात इथे आले असताना उद्भवलेले दुखणे या उन्हाळ्याच्या पॉलिसीसाठी आधीपासूनचा आजार ठरते. म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसावर दर खेपेला येणाऱ्या ज्येष्ठांचे संरक्षण वर्षागणिक आपोआप आकसत जाते, आणि नेमक्या त्याच काळात ते विचारणारे कोणी राहिलेले नसते.

दुसरा मार्ग जर्मनीतच पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या विम्याचा. व्हिसा संहितेनुसार विमा तत्त्वतः अर्जदाराच्या देशात काढायचा असला, तरी दुसऱ्या कोणी अर्जदाराच्या नावे काढलेला विमाही त्याच अटींवर चालतो, आणि मुलाने किंवा मुलीने इथून तो घेण्याची पद्धत रूढ आहे. याचा फायदा रकमेपेक्षा व्यवहारात अधिक. रुग्णालयातील बिलविभाग ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत कंपनी बोलते, खर्चाची हमी फॅक्सने वा मेलने त्याच दिवशी मागवता येते, पुण्याच्या वेळेचा आणि मध्यस्थ सेवा कंपनीचा घोळ राहत नाही. तक्रार करायची झाली, तर खाजगी आरोग्य विम्याचा लोकपाल आणि वित्तीय पर्यवेक्षण करणारी बाफिन ही संस्था, दोन्ही इथेच आहेत. भारतीय पॉलिसीच्या बाबतीत पुण्याच्या वा मुंबईच्या विमा लोकपालाकडे पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या वादात दाद मागता येते. प्रक्रिया विनाशुल्क आहे आणि वकील लागत नाही, परंतु कागद आईवडिलांच्या नावे आणि तक्रारही त्यांच्याच नावे.

जर्मन पॉलिसी म्हणजे हमखास पैसे, असे मात्र कोणी समजू नये. प्रवास सुरू होण्याआधीच ज्या उपचारांची गरज पडणार हे माहीत होते, ते तिथेही वगळलेलेच असतात, आणि जुन्या आजारांबाबत कंपनीगणिक शब्दरचना बदलते. 'आधीपासून अस्तित्वात असलेला आजार' आणि 'आधीपासून उपचारांची गरज ठाऊक असलेला आजार' या दोन वाक्यांत सारा संसार सामावलेला आहे. पहिल्या वाक्याखाली नियंत्रणात असलेला रक्तदाब अडकतो, दुसऱ्याखाली तो सुटू शकतो. अनेक पॉलिसींना वयाची कमाल मर्यादा असते आणि पासष्टीच्या आसपास हप्ता झपकन वाढतो. पाहुणे आल्यावर मुदतीत विमा न घेतल्यास नंतर घेता येत नाही, किंवा सुरुवातीचे काही दिवस संरक्षण मिळत नाही. तरीही ज्येष्ठांसाठी दिवसाला पाच युरो धरले, तर नव्वद दिवसांचे साडेचारशे युरो होतात. उन्हाळ्यात त्याच आईबाबांना स्वित्झर्लंड दाखवण्याचा खर्च यापेक्षा कमी नसतो, आणि तिथे कोणी घासाघीस करत नाही.

मुदतीच्या बाबतीत मार्च २०२० चा धडा विसरण्याजोगा नाही. भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमाने थांबवली. इथे आलेले पालक अडकून पडले, त्यांच्या मुक्कामाला जर्मन सरकारने विशेष आदेशाने मुदतवाढ दिली, आणि मे महिन्यात 'वंदे भारत' उड्डाणे सुरू झाली. व्हिसा सरकारने वाढवला, पण विमा वाढवायचे काम ज्याचे त्याचे होते. मुदतवाढ मागायची ती पॉलिसी संपण्याआधी. संपल्यावर मागितली तर तो नवा करार, आणि मधल्या काळातले दुखणे पुन्हा जुने. परतीच्या तिकिटापेक्षा आठ-दहा दिवस अधिकची मुदत घेणे, एवढी साधी काळजी त्या वेळी अनेकांना लागू पडली असती.

सामान हरवणे, विमान चुकणे, सहल रद्द होणे, अशा जाहिरातींत झळकणाऱ्या संरक्षणांवर मात्र वेगळे पैसे घालवण्याची घाई नसावी. त्यांतले बरेचसे कायद्याने आधीच दिलेले आहे. फ्रांकफुर्ट किंवा म्युन्शेनहून निघणारे कोणत्याही कंपनीचे विमान, तसेच मुंबईहून युरोपात येणारे युरोपीय कंपनीचे विमान, कंपनीच्या चुकीने फार उशिरा पोहोचले वा रद्द झाले, तर एवढ्या अंतरासाठी ६०० युरोंपर्यंत भरपाईचा हक्क युरोपीय नियमानेच मिळतो. मुंबईहून आखाती वा भारतीय कंपनीने येताना तो मिळत नाही, तिकीट काढताना हे लक्षात असावे. हरवलेल्या सामानाबाबत माँट्रियल करारातील मर्यादा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस वाढून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ विशेष आहरण हक्क, म्हणजे सुमारे सतराशे-अठराशे युरो झाली. आणि जिथे विमा खरोखर हवासा वाटतो तिथे तो बहुधा नसतो. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तास हवाई हद्द बंद केली, आखातातली वाहतूक कोलमडली, दोहामार्गे प्रवास करणारे ठिकठिकाणी ताटकळले. युद्धजन्य परिस्थिती हा जवळजवळ प्रत्येक प्रवास पॉलिसीतला अपवाद आहे.

आईवडिलांच्या विम्याबद्दल जागरूक असलेली हीच मंडळी स्वतः पुण्याला जाताना मात्र निर्धास्त असतात. जर्मन सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड छापलेले असते, ते युरोपीय संघात आणि मोजक्या करारबद्ध देशांत चालते. भारतात चालत नाही. भारत आणि जर्मनी यांच्यातील १ मे २०१७ पासून अमलात असलेला सामाजिक सुरक्षा करार निवृत्तिवेतनापुरता आहे, आजारपणाशी त्याचा संबंध नाही. दिवाळीला घरी गेलेल्या मुलाला डेंगी झाला, तर खर्च स्वतःचा. इथे वर्षाकाठी दहा-वीस युरोंत मिळणारा परदेश प्रवासाचा आरोग्य विमा हा कदाचित विम्याच्या बाजारातला सर्वांत किफायतशीर सौदा असेल. फक्त दोन अटी पाहाव्यात. सलग किती दिवसांच्या प्रवासाला तो चालतो, हे एक. बहुतेक ठिकाणी ही मर्यादा सहा ते आठ आठवड्यांची असते, आणि पुण्यातून महिनाभर काम करण्याची मुभा मिळालेल्यांनी ती मोजून पाहावी. दुसरे म्हणजे 'परदेश' या शब्दाची व्याख्या, कारण काही पॉलिसी विमेदाराचे दुसरे घर असलेल्या, किंवा त्याचे नागरिकत्व असलेल्या देशाला परदेश मानत नाहीत.

खरी परीक्षा पुढे आहे. १ मार्च २०२४ पासून जर्मन निवास कायद्यात एक नवी तरतूद आली. त्या तारखेला वा त्यानंतर कुशल कर्मचारी म्हणून पहिला परवाना मिळालेल्यांना आईवडिलांना, आणि जोडीदार इथेच असल्यास सासूसासऱ्यांनाही, कायमच्या वास्तव्यासाठी आणता येते. एकुलत्या मुलांच्या पिढीला याचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. अट अशी, की त्यांचा निर्वाह सार्वजनिक मदतीविना चालला पाहिजे, आणि निर्वाहात पुरेसा आरोग्य विमा धरलेला आहे. पाहुण्यांचा प्रवास विमा येथे पुरेसा मानला जात नाही. सार्वजनिक विम्यात मुलाच्या कार्डावर आईवडिलांना जागा नाही. कौटुंबिक विमा जोडीदार आणि मुलांपुरता आहे, आणि पंचावन्न वर्षांनंतर नव्याने प्रवेशाचे दार जवळजवळ बंद असते. उरतो खाजगी विमा. त्यातला कायद्याने बांधलेला मूलभूत दर २०२६ मध्ये दरमहा हजार युरोंच्या घरात पोहोचला आहे, तोही प्रत्येकी, आणि शुश्रूषा विमा वेगळा. दोघांचे मिळून महिन्याला दोन हजार युरोंहून अधिक, म्हणजे फॉयरबाखमध्ये तीन खोल्यांच्या घराच्या भाड्याहून जास्त. एवढे असूनही वार्धक्यात आलेल्या नव्या माणसाला हा दर मिळवून घेण्यासाठी कंपनीशी झगडावे लागू शकते.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. बॉशचा कारखाना नाशकात आहे, मर्सिडीजचा चाकणला, आणि दोन्हीकडून माणसे इथे येत राहतील. त्यांच्या आईवडिलांपुढे सध्या दोनच वाटा आहेत. नव्वद दिवसांची, जिथे विमा स्वस्त आहे पण कोणी विचारत नाही. आणि कायमची, जिथे विमा विचारतात पण तो परवडत नाही. बहुतेक घरे पहिली वाट धरतील आणि पाच वर्षांचा व्हिसा संपेपर्यंत तिच्यावरून ये-जा करतील. या उन्हाळ्याची तिकिटे अनेकांनी काढली असतील. पॉलिसीच्या आतल्या तक्त्यातील अतिदक्षता विभागाची ओळ विमान सुटण्यापूर्वी वाचून होण्याइतका वेळ अजून हाती आहे.